पाण्याचा शेजार आणि घराचे जोते

महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जे विषय वर्षानुवर्षे पुरून उरतात, त्यांत वेतन आयोगाच्या खालोखाल घराचा विषय येतो. कोणी नुकतेच घेतलेले असते, कोणी कर्जाच्या कागदपत्रांत गुंतलेले असते, तर कोणी अजून 'बघतो आहोत' या अवस्थेत असते. या चर्चेतील एका प्रश्नाचा अर्थ मात्र गेल्या काही वर्षांत बदलला आहे. 'तिकडे पाणी आहे का?' असे पूर्वी कोणी विचारले, तर नळाला किती तास पाणी येते, टँकर मागवावा लागतो का, हे त्याला जाणून घ्यायचे असे. आज तोच प्रश्न विचारणाऱ्याला खिडकीतून नदी, खाडी किंवा तलाव दिसतो का, हे हवे असते. शब्द तेच राहिले आणि त्यामागची गरज पालटली. पहिला प्रश्न तहानेचा होता, दुसरा डोळ्यांचा आहे.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो, ठाणे जिल्ह्यात भाड्याच्या घरात राहतो आणि दोघांचीही महाविद्यालये लोकलच्या मार्गावर आहेत. निवृत्तीला पंधराएक वर्षे उरली आहेत. तेवढ्या अवधीत फिटेल इतके कर्ज काढून पाण्याजवळ आणि तरीही रोज जाता-येता येईल अशा अंतरावर घर घ्यावे, या विचाराने गेले वर्षभर आम्ही ठिकाणे पाहत आहोत. या शोधातून आमचे जे मत बनले, ते येथे मांडत आहोत. घरखरेदीचा सल्ला देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण ज्या शब्दांनी घर विकले जाते, ते शब्द वाचणे हे आमचे कामच आहे.

गृहसंकुलांच्या जाहिरातींत 'रिव्हर व्ह्यू', 'लेक टच', 'वॉटरफ्रंट' असे शब्द सर्रास आढळतात. यांतला 'व्ह्यू' हा शब्द जरा थांबून पाहण्याजोगा आहे. त्याने नदीचे चित्र होते. चित्र चौकटीत राहते आणि चौकट ओलांडून दिवाणखान्यात येत नाही. मराठीने पाण्याच्या शेजारासाठी घडवलेले शब्द याहून फार वेगळे आहेत: काठ, तीर, थडी, दरड, घाट, उतार, मळी, खाजण, खार, बंदर. यांतला प्रत्येक शब्द पाण्याशी असलेला एखादा व्यवहार सांगतो. उतार म्हणजे जिथून नदी पायी ओलांडता येते ती जागा. मळी म्हणजे पुराने आणलेल्या गाळाची नदीलगतची जमीन. खाजण म्हणजे भरतीचे पाणी जिथे शिरते आणि ओहोटीला जिथून निघून जाते ती खारट, दलदलीची जागा. भीमथडी, गंगथडी ही तर नदीच्या काठावरून पडलेली प्रदेशांची नावे. या शब्दसंपत्तीत नुसते पाहण्यासाठी असलेले पाणी जवळपास नाहीच. पाणी येते, जाते, वाढते, उतरते हे गृहीत धरूनच ही भाषा घडली आहे.

गावाच्या रचनेतही हीच समज दिसते. जुन्या कागदपत्रांतून आणि बोलीतून 'पांढरी' आणि 'काळी' हे दोन शब्द आपल्याला भेटतात. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसण्याची जमीन. नदीकाठच्या कित्येक गावांची पांढरी उंचवट्यावर आहे. घाटाच्या पायऱ्या चढून वर आल्यावरच घरे सुरू होतात. मळीत माणूस पिकवायला जाई, झोपायला वर येई. अर्थात या शहाणपणाचे गोडवे गाताना भान ठेवले पाहिजे. उंचावरची, सुरक्षित जागा सर्वांच्या वाट्याला येत नव्हती. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले गेले, त्यांना जागा निवडण्याचा हक्कच नव्हता. उंची ही तेव्हाही समानतेने वाटलेली वस्तू नव्हती. पण ज्यांना निवड होती, त्यांनी ती पाण्याच्या वर केली, एवढे खरे. आज निवड असलेला वर्ग पाण्याच्या लगत, जमेल तर पाण्याच्या पातळीला, घर मागतो आहे आणि त्यासाठी चौरस फुटामागे जादा पैसे मोजतो आहे. ही उलथापालथ विचार करण्यासारखी आहे.

आमच्या पाहणीतले पहिले खोरे उल्हास नदीचे होते. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर अशी वाहत कल्याणपाशी खाडीला भेटते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. पुण्या-मुंबईला जोडणारा लोहमार्ग याच खोऱ्यातून जातो. हा योगायोग नव्हे. १८६३ मध्ये भोर घाटाचा मार्ग खुला झाला. त्या घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचायला सौम्य चढाची वाट हवी होती, आणि डोंगराळ प्रदेशात सौम्य चढ सहसा नदीनेच कोरून ठेवलेला असतो. म्हणून कर्जतपासून कल्याणपर्यंत नदी आणि रूळ कमीअधिक अंतराने एकमेकांच्या सोबतीने चालतात.

आमच्या मते, पाण्याजवळचे घर शोधणाऱ्या नोकरदाराने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट येथेच आहे. 'पाण्याजवळ' आणि 'नोकरीच्या ठिकाणी जाता येईल इतके जवळ' या आपण दोन स्वतंत्र अटी समजतो. एक मनाची, दुसरी पोटाची. प्रत्यक्षात या दोन्ही अटी एकच खोरे पुरवते, आणि म्हणून त्या एकाच दिवशी मोडतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. त्याच दिवशी त्याच पाण्याने बदलापूरच्या पश्चिमेकडील नदीलगतच्या वस्त्याही गाठल्या होत्या. ज्या दिवशी घरी असणे अत्यावश्यक, त्याच दिवशी घरी पोहोचण्याची वाट बंद होते. बदलापूर ते मुंबईचे शेवटचे स्थानक हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जाहिरातीत ते मिनिटांत सांगितले जाते, आणि ती मिनिटे अर्थातच कोरड्या दिवसाची असतात.

उन्हाळ्यात घर पाहायला जाणाऱ्याला उल्हास भुलवते, यात शंका नाही. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्याचे बहुतेक ओढे-नद्या आटलेल्या असतात, पण उल्हासला पाणी असते. याचे एक कारण भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात आहे. घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी खाली आणून त्यावर वीज केली जाते आणि ते पाणी पुढे उल्हासच्या पात्रात येते. म्हणजे मे महिन्यात गॅलरीतून दिसणारी संथ नदी ही बऱ्याच अंशी माणसाने वर अडवलेल्या पाण्याची देणगी आहे. 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' असे आपल्याकडे म्हणतात. घर घेणाऱ्याने निदान यातला पहिला निषेध मोडावा. नदीचे मूळ, तिच्यावरची धरणे, तिला येऊन मिळणारे नाले, हे सारे शोधावे. कारण दिसणारे पाणी खिडकीसमोर असते, पण येणारे पाणी वरून येते.

पुणेकरांना हे निराळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ती आपत्ती धरणफुटीची होती. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात जे पाणी शिरले, तेव्हा धरण शाबूत होते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि नदीने आपले पात्र मागितले. मधल्या त्रेसष्ट वर्षांत त्या पात्राच्या कडेने शहर वाढले होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर मोठी नदीही लागली नाही. आंबील ओढ्याच्या पुराने अनेकांचे प्राण घेतले. ओढा हा शब्द आपण लहानपणापासून किती निरुपद्रवी मानत आलो आहोत!

येथे 'पूररेषा' या पारिभाषिक शब्दाकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रात नदीच्या दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा ही सरासरीने २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळू शकते. 'परवानगी आहे' हे वाक्य विक्रेता खरेच बोलत असतो. मात्र 'परवानगी आहे' म्हणजे 'पाणी येणार नाही' असा अर्थ आपण आपल्या पदरचा लावतो.

'१०० वर्षांतून एकदा' हा वाक्प्रयोग तर भाषेच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहून सोडवावा असा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, पूर नुकताच येऊन गेला असेल तर आता शंभर वर्षे निश्चिंती. अर्थ तसा नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि ती शक्यता दर वर्षी नव्याने उभी राहते. हिशेब साधा आहे. आमच्या कर्जाची मुदत १५ वर्षे धरली, तर लाल रेषेपर्यंत पोहोचणारा पूर त्या मुदतीत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होते. निळ्या रेषेपर्यंत पोहोचणाऱ्या पुराची तीच शक्यता सुमारे ४६ टक्के. म्हणजे नाणे उडवून छापा-काटा करण्यापेक्षा फारसे वेगळे नाही. तेही, रेषा आखल्यानंतर पात्रात भराव पडलेला नाही, पावसाची रीत बदललेली नाही आणि वरच्या बाजूला काँक्रीट वाढलेले नाही, असे मानले तर. यांतले एकही गृहीतक आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही.

नदी नको तर खाडी, असा दुसरा पर्याय आम्ही पाहिला. वसई-विरारची बाजू, आणि अलीकडे उरणची. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला, आणि त्याच वेळी खारकोपरपर्यंत आलेली लोकल उरणपर्यंत गेली. अंतर एकदम आक्रसले आणि खाडीकाठच्या घरांची जाहिरात वाढली. खारकोपर या स्थानकाच्या नावातच 'खार' आहे, हे मात्र फारसे कोणी वाचत नाही. खार म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली जमीन. आगरी आणि कोळी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या ते बांध सांभाळले, भात आणि मीठ पिकवले. बांध सांभाळणारे हात गेले की खारीचे पुन्हा खाजण होते. त्यावर भराव टाकला, तर तिथे मुरणारे, पसरणारे पाणी शेजारच्या गावात जाते.

खाडीचा पूर नदीच्या पुराहून वेगळा वागतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहरातले पाणी बाहेर जाऊ शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा मुंबईने हे अनुभवले. मिठी नावाची एक नदी आपल्या शहरातून वाहते, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथम कळले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या आणि वसईच्या मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर आघात ठरवला. म्हणजे खिडकीतून दिसणारी हिरवी झाडी ही नुसती शोभा नाही, तो घराचा बंदोबस्त आहे. ती तोडून बांधलेले घर आपलाच बांध फोडून उभे असते.

तिसरा पर्याय धरणाच्या जलाशयाकाठचा. मुळशीच्या परिसरात 'लेक व्ह्यू' घरे आहेत आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला तेथून रोज ये-जा करणे अगदीच अशक्य नाही. या जलाशयाला पुराचे भय कमी, कारण वस्ती बहुधा पाण्याच्या वर असते. पण येथे दुसराच प्रश्न उभा राहतो. १९२१ पासून मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते हेच पाणी. 'झाडाझडती' वाचलेल्या, वर्गात शिकवलेल्या माणसाला जलाशयाच्या तळाशी काय असते ते ठाऊक असते. अशा ठिकाणी घर घेऊच नये, असा निवाडा आम्ही देत नाही. मात्र त्या दृश्यासाठी कोणी काय मोजले, हे ठाऊक असून 'निसर्गाच्या कुशीत' असे म्हणणे आम्हांला जमणार नाही.

मग साहित्याने आपल्याला पाण्याचे जे वेड लावले, त्याचे काय करायचे? आमचे म्हणणे असे की साहित्याने नुसते वेड लावलेले नाही. आपण त्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला आहे. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' मधली नदी जगबुडी आहे. नावातच जगाच्या बुडण्याची आठवण बाळगणारी ही नदी काल्पनिक नाही. जुलै २०२१ मध्ये तिनेच खेड शहरात पाणी घातले. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता तर आपल्याकडे शाळेपासून पाठ असते. पुराने घर गेलेला एक माजी विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो आणि मोडलेल्या संसारातही ताठ उभा राहतो. समारंभांतून ही कविता जिद्दीची कविता म्हणून म्हटली जाते आणि ती तशी आहेच. पण त्याच कवितेत एक घर आहे आणि ते पाण्याच्या वाटेत आहे. ते तिथे का होते, त्याला दुसरीकडे जागा का मिळाली नसावी, हा प्रश्नही वर्गात विचारता येतो. विचारला तर कवितेचे मोल कमी होत नाही, वाढते. पाठीवर हात ठेवणे जितके आवश्यक, तितकेच पुढचे घर उंच जागी व्हावे यासाठी भांडणेही आवश्यक आहे.

हा प्रश्न आमच्या वर्गांपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. जुलै-ऑगस्टमधल्या गैरहजेरीच्या यादीत नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या वस्त्यांतली नावे अधिक असतात. त्या मुलांच्या पालकांनी पाण्याचे दृश्य विकत घेतलेले नाही. परवडणारी जागा तीच होती, म्हणून ते तिथे आहेत. आपल्यासारखा पगारदार माणूस जेव्हा नदीच्या काठावर भराव टाकून बांधलेल्या संकुलात घर घेतो, तेव्हा तो स्वतःपुरता धोका पत्करतो एवढेच नव्हे. भरावाने नदीची कूस अरुंद होते, आणि ते पाणी समोरच्या काठावरच्या पत्र्याच्या घरांत शिरते. आपण वरच्या मजल्यावर सुरक्षित असतो, आपली मोटार तेवढी भिजते. म्हणूनच 'आमचा पैसा, आमची जोखीम' हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

कोणी म्हणेल, मग पाण्याजवळ राहूच नये काय? दिवसाचे तीन-चार तास गाडीत उभ्याने घालवणाऱ्या माणसाने संध्याकाळी पाच मिनिटे वाहते पाणी पाहू नये काय? जरूर पाहावे. ही ओढ खोटी नाही आणि चैनीचीही नाही. आमचा आग्रह इतकाच की पाणी चालत जाऊन पाहावे. घर पाण्यापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या पायवाटेवर, चढावर असावे आणि काठ सर्वांसाठी मोकळा राहावा. नदी एखाद्या संकुलाच्या कुंपणाआड गेली, की ती त्या संकुलाची 'सुविधा' होते. काठ मोकळा राहिला तर पाहायला सगळेच येतात आणि पुराला पसरायला जागाही उरते.

या विचारातून आम्ही आमच्यापुरत्या काही अटी ठरवल्या आहेत. लाल रेषेच्या आतले घर, परवानगी असली तरी, पाहायचे नाही. प्रकल्पाची मंजुरीची कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर वाचायची आणि पूररेषा विकास आराखड्याच्या नकाशावर स्वतः शोधायची, विक्रेत्याच्या चित्रावर नव्हे. जागेचे जुने नाव विचारायचे. नावात खार, खाजण, डोह, मळी, तळे, ओढा असे काही निघाले, तर तेथे तासभर अधिक थांबायचे. वीजमीटरांची पेटी, उद्वाहनाचा खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी कोणत्या पातळीला आहे, हे पाहायचे, कारण पाचव्या मजल्यावरचे घर कोरडे राहिले तरी या तीन गोष्टी बुडाल्या की ते राहण्याजोगे उरत नाही. ठिकाण एकदा तरी जुलैत, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीच्या वेळी, पाऊस चालू असताना पाहायचे. तळमजल्यावरच्या वाण्याला विचारायचे, कारण दर वर्षी पोती किती वर रचावी लागतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आणि त्या दिवशी स्थानकापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, तेच अंतर खरे मानायचे.

या अटींनी पर्याय फार कमी होतात, हे आम्ही जाणतो. जे उरतात, त्यांच्या खिडकीतून नदी दिसत नाही. समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसतात. उल्हासच्याच खोऱ्यात, रुळांपलीकडे नदीपासून दूर आणि उंचावर, दोन खोल्यांचे एक घर सध्या आमच्या विचारात आहे. त्याचे क्षेत्रफळ आम्ही योजले होते त्याहून कमी आहे आणि स्थानकापर्यंत रोज चालावे लागेल. दर मात्र काठावरच्या घरापेक्षा बराच उतरता आहे. पाण्याच्या वर असल्याबद्दल घर स्वस्त मिळावे आणि पाण्याच्या वाटेत असल्याबद्दल महाग, हा बाजाराचा न्याय आम्हांला अजून उलगडलेला नाही. तूर्त त्याचा लाभ घ्यावा, असे ठरते आहे.

मराठी विभागांतील सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. प्रकल्पलेखनासाठी विद्यार्थ्यांना आपापल्या वस्तीतील पाण्याचे शब्द गोळा करायला सांगावे: ओढ्यांची नावे, शेतांची नावे, बुजलेल्या तळ्यांची नावे, १९६१, २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत पाणी कुठवर आले होते ते सांगणारे आजी-आजोबांचे बोल. त्यातून भाषेचा अभ्यास होईल हे तर झालेच. पण ती मुले उद्या घर घ्यायला निघतील, तेव्हा जागेचे नाव वाचून जमीन ओळखण्याची सवय त्यांना असेल. आमच्या विषयाचा असा उपयोग होत असेल, तर तो कमीपणाचा आहे असे आम्हांला वाटत नाही.